पेरू सोडायचा

"तुझं हिरवळ-बिरवळ चालू दे, पण माझ्या पेरूला हात लावलास तर याद राख!"

थोरलीनं ओल्या कपड्यांची बादली विहिरीच्या कट्ट्यावर अशी आदळली की गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवला.

"अगं वहिनी, तो पेरू आहे का कमरेत लचक भरलेला म्हातारा?" धाकटा दीर हातातला कागद नाचवत म्हणाला. "बघ की जरा. निम्मा विहिरीवर, निम्मा वाटेवर. वर्षाला फळं देतो पाच, त्यातली तीन पोपटाची."

"पोपटाला तरी देतो ना? तू काय देतोस? नुसतं डोकं खातोस."

धाकटा बारा वर्षं बंदरावर क्रेन चालवून कायमचा गावी परतला होता. आल्या आल्या त्यानं मनावर घेतलं की घरापुढच्या चिखलाची बाग करायची. हिरवळ, फरशीची वाट, बसायला बाक. त्याचा नकाशाही त्यानं स्वतःच काढला होता. नकाशात एकही झाड नव्हतं, त्यामुळं तो फार देखणा दिसत होता. शिवाय बाग व्हायच्या आधीच त्यानं सिमेंटचा एक पांढरा बगळा आणून विहिरीशेजारी उभा केला होता. येता-जाता तो बगळ्याची धूळ पुसायचा.

थोरलीचा नवरा, म्हणजे थोरला, दोघांचं ऐकून घ्यायचा, "दोघांचंही बरोबर आहे" म्हणायचा आणि खुरपं घेऊन शेतावर निघून जायचा. असा शहाणा माणूस!

पण धाकट्याचं घोडं अडलं ते रोपवाटिकेत. तिथल्या बाईंनी हिरवळ द्यायला साफ नकार दिला.

"नवं काय लावायचं ते नंतर," त्या म्हणाल्या. "आधी आहेत ती झाडं बघून घ्या. कुठलं ठणठणीत आहे, कुठलं आतून गेलंय, कुणाची मुळं कुठवर आहेत. नाहीतर आज हिरवळ लावाल आणि उद्या त्यावर झाड येऊन झोपेल. मी ठोक्याला पाठवते."

ठोक्या दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. जन्मभर सुतारकी केलेला, काटकुळा म्हातारा. काखेत लाकडी हातोडा आणि एक लांब लोखंडी सळई. कुणाशी न बोलता त्यानं आधी सगळ्या झाडांना एक फेरी घातली. मग एकेकाच्या बुंध्याला कान लावून ठोकायला लागला. धाकटा वही घेऊन मागं मागं, आणि थोरली त्याच्या मागं.

चिंचेला ठोकून ठोक्या खूश झाला. "हिला ठेवायची. पण हिच्या खाली हिरवळ जगणार नाही बरं का. आणि भराव टाकू नका, मुळं गुदमरतात. फांद्या जिथवर पोचल्यात तिथवर कुदळ चालवायची नाही."

धाकट्यानं नकाशातली निम्मी हिरवळ खोडली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

लिंबू ठेवायचं. शेवगा छाटायचा. मग आला फाटकाजवळचा गुलमोहर. हा धाकट्याचा लाडका. रस्त्यावरून येणारा-जाणारा त्याच्याकडं मान वर करून बघायचा.

ठोक्यानं ठोकलं. ढब्. वर ठोकलं, खाली ठोकलं. ढब्, ढब्. बुंध्याशी माती उकरून सळई टेकवली आणि नुसती दाबली, तर ती मुठीपर्यंत आत गेली.

"काढायचा," ठोक्या म्हणाला. "एका वादळाचा सोबती आहे. पडला तर सरळ तुमच्या माजघरात येऊन बसेल."

"अहो, पण केवढा फुलतो!"

"फुलेल की. पडेपर्यंत फुलेल."

शेवटी पेरू. थोरली पुढं सरकली. ठोक्यानं ठोकलं आणि खणखणीत आवाज आला. त्यानं चारी बाजूंनी ठोकलं, मान डोलावली. मग विहिरीवर वाकलेल्या फांदीच्या बुडाशी थांबून बोट फिरवायला लागला.

"हे काय गिळलंय यानं? तार दिसतेय."

"झोपाळ्याची," थोरली हळूच म्हणाली. "फार जुनी. त्याच्यासाठीच बांधली होती." तिनं हनुवटीनं धाकट्याकडं खूण केली. पण तो फोनवर कुणालातरी फरश्यांचा भाव विचारत होता.

"तारेपाशी ही फांदी कमजोर झालीय. हिचं ओझं कधीतरी उतरवावं लागेल. मी येईन पावसाआधी," ठोक्या म्हणाला. "बाकी झाड वाकडं असलं तरी माझ्यापेक्षा धडधाकट आहे. लिही रे बाबा, पेरू सोडायचा. बाईंचा जीव आहे त्यात."

धाकट्यानं कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून लिहिलं. थोरलीनं ठोक्याला दोनदा चहा पाजला, दोन्ही वेळा जास्त साखरेचा.

चार दिवसांनी झाडं तोडणारे दोघे भाऊ आले. धाकट्यानं वहीतलं पान फाडून त्यांच्या हातात दिलं आणि तो फाटकापाशी फरश्या उतरवून घ्यायला गेला. थोरली निर्धास्तपणे गिरणीवर गेली होती.

ती पिठाचा डबा कमरेवर घेऊन परतली आणि जागीच थिजली.

तोड्या भावांतला मोठा पेरूवर चढलेला. विहिरीवरची फांदी बुंध्यापासून कापलेली आणि दोराला लटकलेली. दोर चिंचेच्या फांदीवरून खाली आणलेला, आणि दुसरं टोक धरून त्याचा भाऊ खाली पाय रोवून उभा.

"अरे सोडा!" थोरली जिवाच्या आकांतानं ओरडली. "सोडा रे त्याला! सोडा!"

खालच्यानं वर बघितलं. "सोड म्हणतायत," असं म्हणून त्यानं दोर सोडला.

धडाडधूम! फांदी जी आली ती थेट बगळ्यावर. पानं उडाली, कोंबड्या उडाल्या आणि बगळ्याचं मुंडकं गडगडत जाऊन म्हशीच्या पुढ्यात थांबलं.

"मेल्यांनो, हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना बाई, सोडा!"

"मी झाड सोडा म्हणाले!"

"मग तेच चाललंय की सकाळपासून!" वरचा भाऊ वैतागून म्हणाला आणि त्यानं खिशातला कागद काढला. "हे बघा. चिंच ठेवायची, लिंबू ठेवायचं. पेरू सोडायचा. आम्ही झाड दोराला बांधून तुकड्या-तुकड्यानं खाली सोडतो, त्यालाच सोडणं म्हणतो. ठेवायचा होता तर ठेवायचा लिहायचं. तुमच्या मनातलं आम्ही काय पोटात शिरून वाचायचं?"

आवाज ऐकून धाकटा धावत आला. बगळा बघून त्यानं कपाळावर हात मारला. मग त्याची नजर फांदीच्या कापलेल्या टोकाकडं गेली. लाकडाच्या ऐन गाभ्यात तारेची दोन टोकं चमकत होती. करवतीनं घासून नवी झालेली.

"ही कसली तार?"

"बादलीची कडी होती," थोरली म्हणाली. "तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा. तीन दिवस तोंड उघडलं नव्हतंस, ना बोलायला ना खायला. मी एकोणीस वर्षांची, लग्न होऊन महिना झालेला. माझ्याशी तरी या घरात कोण बोलत होतं? मग मी त्या कडीनं इथं झोपाळा बांधला आणि तुला बसवलं. चौथ्या झोक्याला तू हसलास आणि माझ्या हातून पहिला घास खाल्लास. या घरात माझं म्हणून कुणी झालं ते त्या दिवशी. आणि तू म्हणतोस, लचक भरलेला म्हातारा!"

धाकटा खाली बसला. तारेवरून अंगठा फिरवत राहिला.

"मला कुणी सांगितलं का नाही, वहिनी?"

"तू ऐकतोस कुठं? फोन ठेवशील तर सांगू ना."

तो डोळे पुसत उठला. खिशातला नकाशा काढून विहिरीशेजारी त्यानं पेरूचा एक गोल काढला. मोठा, फांद्या पोचतात तिथवरचा. बाक होता तो खोडून त्या गोलात काढला.

तेवढ्यात वरून आवाज आला, "मालक, मग उरलेल्या पेरूचं काय? सोडायचा का?"

"ठेवा!" दीर-भावजय एका दमात किंचाळले. "ठेवा!"

खालचा भाऊ इतका दचकला की त्यानं हातातला दोर झटकन जमिनीवर ठेवला. मग जरा विचार करून खांद्यावरचा टॉवेलही ठेवला. आणि हात जोडून म्हणाला,

"बाई, अजून काय ठेवू?"

थोरलीला हसू आवरेना. धाकट्यानं तिच्या कमरेवरचा पिठाचा डबा काढून आपल्या डोक्यावर घेतला.

"कान ठेव," तो त्याला म्हणाला, "ती काय सांगते त्याकडं. मीही आजपासून ठेवतोय."