कॅनमधला समुद्र

सोलापूरला समुद्र नाही. म्हणून आमच्याकडे तो एसटीच्या पार्सलने आला, कॅनमधून.

माझी मुलगी सिद्धेश्वरी इंजिनिअर. कोकणात समुद्राचं पाणी गोडं करणारा एक कारखाना उभा राहतोय. आत येणारं पाणी किती खारट आहे, हे सतत मोजणारं स्वस्त यंत्र त्यांना हवं होतं. पोरीनं ते घरीच बनवलं. कारखान्यानं कॅनभर पाणी पाठवून कळवलं, आठवडाभर यात बुडवून ठेवा. आकडा स्थिर राहिला तर घेऊ.

आकडा रोज सकाळी उतरायचा. पोरीनं यंत्र उघडलं, वायरी बदलल्या, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. मी चादरींचा व्यापारी. स्वस्त मालाचा रंग जातोच, असं बोलून गेलो. मला मेल्याला गप्प बसता येत नाही.

शेवटी ती कारखान्याला ‘जमलं नाही’ म्हणून कळवायला बसली, तेवढ्यात शेजारची दानम्मा वाटी घेऊन दारात.

"गुरम्माक्का, सागराचं तीर्थ हाय, का संपलं?"

"संपतंय कसं?" माझी बायको म्हणाली. "सकाळी तांब्याभर काढून गल्लीत वाटते, आन् तेवढंच नळाचं वतते की परत."

आमच्या देवघरात काशीची गंगा अशीच वीस वर्षं पुरली आहे. त्यात आता गंगा किती आणि नळातलं उजनी धरण किती, हे विचारायची माझी छाती नाही.

सिद्धेश्वरी आधी हसली, मग रडली. "अव्वा, यंत्र बरोबर होतं गं! तूच समुद्र पातळ करत होतीस!"

"समद्या नद्या तितंच जात्यात की. येका तांब्यानं काय हुतंय?"

पोरीनं आकडे होते तसे पाठवले, कारणासकट. तांब्याभर पाणीही यंत्रानं पकडलं म्हणून कारखान्यानं ते यंत्र घेतलं.

बसवायला आम्ही तिघंही गेलो. गुरम्मानं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि आधी हात जोडले. मग पिशवीतून घरून नळाचं पाणी भरून आणलेला तांब्या काढला आणि यंत्राला लागूनच ओतला.

"घेतलं हुतं की आमी," ती समुद्राला म्हणाली.

मोबाईलवरचा आकडा जरासा उतरला.

"बिघाड?" कारखान्याच्या साहेबांनी विचारलं.

"नाही," सिद्धेश्वरी म्हणाली. "आई."

आकडा परत वर आला.