शीतलचा मुराळी

आबांचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला गच्चीवर ज्वारीचे पापड, आमचे बिबडे, वाळत घालत होते. हात पिठाने भरलेले, डोक्यावर ऊन, आणि आबांना नेमकं अशाच वेळी बोलायचं असतं. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"दीपू, आखाजीले येशी तैं जळगाववरथीन ये. विक्रमले लई ये. तुनी मायनी पहिली घागर शे. पोटना पोऱ्याना हातनं पानी जोयजे तिले, नही ते ती तीसमाच राही."

"तो येवाव नही, आबा," मी म्हटलं. "ती येई."

 ते ऐकलंच नसल्यासारखं आबा म्हणाले, "केस कापाले सांग. आनि धुयाथीन एक धवळा सदरा लई ये." आणि फोन ठेवून दिला. माझ्या बोलण्यावर फोन ठेवून देणं ही आबांची जुनी खोड आहे. माझा राग नाकावर असतो असं सासूबाई म्हणतात, तो कुठून आला ते त्यांनी एकदा चोपड्याकडे, माझ्या माहेरी, जाऊन बघावं.

शीतल माझ्या पाठची. जन्मली तेव्हा सगळ्यांना मुलगा झाला म्हणून पेढे वाटले आणि नाव ठेवलं विक्रम. तीन वर्षांपूर्वी, जळगावला कॉलेजात असताना, तिने घरी येऊन सांगितलं की मी मुलगी आहे आणि माझं नाव शीतल. आबा म्हणाले, या घरात यायचं तर शर्ट-पँट घालून यायचं. त्यानंतर ती आली नाही. गेल्या पौषात माय गेली तेव्हा मात्र धावत आली, होती तशी, ओढणी घेऊन. ज्ञानेश्वरकाकांनी तिला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं. मायला अग्नी काकांच्या मुलाने दिला आणि शीतल दुसऱ्याच्या ओट्यावर बसून रडली. तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची पहिली घागर आमच्याकडे फार मानतात. नवी घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आणि पाणी देणाऱ्याने आपलं नाव सांगून पितराला हाक मारायची. पाणी कोण देतंय हे गेलेल्या माणसाला कळलं पाहिजे ना. मायला पोटच्या लेकराचं पाणी मिळावं असं आबांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. पण आबांची अट पाळायची तर शीतलला विक्रम होऊन बसावं लागणार. नाही पाळली तर घागर पुन्हा काकांच्या मुलाच्या हाती. मी बाजारात गेले आणि पांढरा सदरा घेतला. तिच्याशी बोलू, तिलाच ठरवू दे, असं म्हणत तो पिशवीत माझ्या साड्यांच्या खाली घातला.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी जळगावच्या एसटीत बसले. पारोळा, एरंडोल मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. एका दिवसाचा प्रश्न आहे गं. केस काय, परत वाढतील. प्रत्येक वाक्य जुळवलं की मला माझाच राग यायचा. दोन वाक्यांच्या मध्ये झोप लागली आणि जळगाव आलं.

शीतलने फोनवर सांगितलं होतं की त्या दिवशी कॉलेजात त्यांचा कार्यक्रम आहे, तिकडेच ये. तिच्यासारख्या मुलामुलींचा तिथे एक गट आहे. कुणी मुलगा असून मुलावर जीव लावणारा, कुणी मुलगी असून मुलीवर, कुणी शीतलसारखी. मागच्या वर्षी त्यांनी प्राइडचा कार्यक्रम करायला परवानगी मागितली, तर ऑफिसने परीक्षेचं कारण दाखवून वाटेला लावलं. या वर्षी त्यांनी 'आखाजी महोत्सव' असा अर्ज दिला. प्राचार्यांनी खूश होऊन सही केली, वर मांडवाचे पैसेही दिले. त्यांना सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

मी पोचले तर लायब्ररीच्या मागच्या निंबाला मोठा झोका बांधलेला. दोराला सात रंगांच्या ओढण्या गुंडाळल्या होत्या. झाडाखाली सतरंजीवर पन्नासेक मुलंमुली, काहींच्या गालांवर तेच सात रंग. बुंध्याला पाटी होती: 'ज्यांना मुराळी येत नाही त्यांची आखाजी.' ती वाचून मी जागीच थांबले.

तुमच्याकडे असेल नसेल, पण आमच्या खान्देशात आखाजीला सासुरवाशिणीला न्यायला माहेराहून माणूस येतो. तो मुराळी. लग्नानंतर मला न्यायला शीतलच यायची, तेव्हाचा विक्रम. सासूबाई पाय धुवायला पाणी द्यायच्या, परत कधी आणून सोडणार ते विचारायच्या, आणि मग मला रजा मिळायची. ज्या मुलीचा मुराळी येत नाही तिला आखाजीच्या दिवशी गल्लीत तोंड दाखवायची लाज वाटते.

कार्यक्रम साधाच होता. एकेकाने झोक्यावर बसायचं, आपलं गाव सांगायचं, आणि बाकीच्यांनी झोका द्यायचा. भूपेंद्र नावाचा उंच मुलगा, यांचा पुढारी, आधी बसला. "माझं गाव नरडाण्याजवळ," तो म्हणाला. "वडिलांना माझ्याबद्दल कळलं त्याला दीड वर्ष झालं. मुराळी नाही." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघीतिघी उठल्या आणि त्यांनी झोका दिला, चांगला उंच. तो खाली आला तेव्हा हसत होता, डोळे मात्र ओले होते. मग चाळीसगावची एक मुलगी बसली. तिने गाव सांगितलं आणि पुढचं बोलायला तिला जमेचना, तर सगळ्यांनी तसाच झोका दिला. आमच्या लहानपणी आखाजीचा झोका म्हणजे नुसता दंगा असायचा. इतका गप्प झोका मी पहिल्यांदा बघत होते.

मग शीतल बसली. निळा पंजाबी ड्रेस, केस खांद्याच्या खाली आलेले. मायसारखी दिसत होती. हे मला आधी कधी का दिसलं नाही, देव जाणे.

"माझं गाव चोपड्याजवळ," ती म्हणाली. "आधी मीच मुराळी होते. अक्काला आणायला धुळ्याला जायचे. आता मला कोण..." आणि तेवढ्यात तिला मी दिसले. "अक्का!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मी उभी, घामाघूम, हातात फुगलेली पिशवी. भूपेंद्रने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे, आणि ओरडला, "अरे, शीतलचा मुराळी आला!"

झालं. पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. सतरंजीवर एकच गलका उठला. कुणीतरी मला खुर्चीवर बसवलं, दोघी मुली बादली आणि तांब्या घेऊन धावत आल्या. मी "अगं, तसं नाही" म्हणेपर्यंत माझ्या पायांवर गार पाणी पडलं होतं. ज्या मुलीला गाव सांगून पुढे बोलता आलं नव्हतं तीच चाळीसगावची मुलगी खाली बसून माझे पाय ओढणीने पुसत होती. इतक्या जणांत एकीचा तरी मुराळी आला याचा त्या सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. मी कशासाठी आले होते ते या मुलांना कोणत्या तोंडाने सांगू?

शीतल झोक्यावरून उतरली नव्हती. ती दोर धरून माझ्याकडे बघत होती. गलका करणारे सगळे फसले तरी ती फसणारी नव्हती. तिला आबा माहीत होते.

"मुराळ्याने काय आणलंय ते दाखवा!" कुणीतरी म्हणालं. माहेरची साडी दाखवायची रीत आहे, तेव्हा पोरांचं काही चुकलं नव्हतं. मी पिशवीत हात घातला. हाताला आधी माझी आखाजीसाठी घेतलेली मोरपंखी साडी लागली, मग खालचा सदरा. मी शीतलकडे पाहिलं. ती जरा मान खाली घालून बसली होती, मार खायची तयारी ठेवून बसतात तशी. मला आबांचा असा राग आला म्हणता! आणि माझाही.

मी मोरपंखी साडी बाहेर काढली आणि उठून तिच्या खांद्यावर टाकली. "चल," म्हटलं, "तुला न्यायला आले."

ती रडली. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे? भूपेंद्रने मात्र सासरच्या माणसासारखा चेहरा केला आणि हात कमरेवर ठेवून विचारलं, "पाठवतो. पण परत कधी आणून सोडणार ते सांगा, अक्का. आमची पोरगी आहे."

"आखाजी झाली की चौथ्या दिवशी," मी म्हटलं. "माझा शब्द." मग सगळ्यांनी मिळून तिला झोका दिला. मीही दिला. निघताना मुलींनी तिला ती साडी नेसवली.

चोपड्याच्या बसमध्ये तापीचा पूल ओलांडल्यावर मी तिला सगळं सांगितलं. घागर, केस, सदरा. तिने सदऱ्याची घडी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "घरी साडीतच येते, अक्का. पण घागरीपाशी आबा म्हणतील ते नाव घेईन. मायला पाणी मिळू दे. माझं काय." मी भांडले, पण ती ऐकेना. माझ्यापेक्षा हट्टी आहे.

दारात आबा खाटेवर बसले होते. त्यांनी साडी पाहिली, केस पाहिले.

"आबा, पोर आनेल शे, पोऱ्या नही," मी पायरीवरूनच म्हटलं. "ठेवानी व्हई ते ठेवा, नही ते आम्ही दोन्ही मांघं फिरतस."

 आबा खांद्यावर टॉवेल टाकून केळीच्या बागेत निघून गेले. पण दाराला कडी घातली नाही. ते दोन दिवस ते दोन्ही वेळा जेवायला आले, शीतलने वाढलेलं खाल्लं, आणि तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मायच्या चुलीसमोर ती पुरण वाटत असताना एकदा ते दारात उभे असलेले मी पाहिले. मी बघतेय म्हटल्यावर निघून गेले.

आखाजीच्या सकाळी घागर मांडली. ज्ञानेश्वरकाका आले, त्यांचा मुलगा आंघोळ करून तयारच होता. शीतल साडीतच पाटावर बसली. काकांचं तोंड वाकडं झालं. ते आबांकडे बघत राहिले, पण आबा मायच्या फोटोकडे बघत होते. तिला उठवा असं ते म्हणाले नाहीत, म्हणून काकाही गप्प बसले.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर तूप सोडलं, पुरणपोळीचा घास ठेवला. धूर वर गेला. शीतलने तांब्या उचलला.

"नाव सांग," काका म्हणाले. "कोन पानी देस ते सांगनं पडस. खरं नाव सांग."

 शीतलने डोळे मिटले. "माय," ती म्हणाली, "मी तुना पोऱ्या... विक्र..."

"थांब." आबांचा आवाज आला.

ते भिंतीला टेकून उभे होते. शीतलकडे बघत नव्हते, कुणाकडेच नाही. हळूहळू बोलले, एकेक शब्द शोधत, त्यांना बोलायची सवयच नाही.

"ते नाव नको लेऊ. तुनी माय त्या नावले वयखनार नही. रोज दुपारले मी वसरीमा पडेल ऱ्हाऊ, तिले वाटे मी जपी गयू. ती फोनवर इचारे, 'शीतल, जेवनी का?' रोज. माले बठ्ठं आयकू ये." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "तिले जे नाव माहीत शे तेच सांग. पानी वाया जावाले नको."

आबा झोपलेत असं बघून माय चोरून शीतलला फोन करायची, आणि आबांना काही कळत नाही असं माय, शीतल आणि मी, आम्ही तिघी समजत होतो.  काका काहीतरी बोलायला गेले, तर आबांनी नुसता हात वर केला.

शीतलने नाव सांगितलं. मोठ्याने, शेजारच्या ओट्यावर ऐकू जाईल इतकं. आणि तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी सोडत राहिली.

"पी, भागाबाई," आबा मायच्या फोटोकडे बघत म्हणाले, "तुनी शीतल घर वनी शे." आणि ते लेकरासारखे रडायला लागले.