सातवा नंबर

मॅलाकी टूही वीस वर्षं मेयोच्या काउंटी कौन्सिलवर, म्हणजे जिल्हा परिषदेवर, होता, आणि त्याच्या मते वीस वर्षं त्याला कोणीतरी पाडणारच होतं. यंदा संशय शेजारच्या कोलमन रुआनवर. दोघांच्या कुरणांमध्ये एक फाटक आहे. ते उघडं कोण टाकतो यावरून त्यांचं बोलणं बंद. कोलमन स्वतःच निवडणुकीला उभा राहिला, आणि जिंकायला नाही, मॅलाकीला पाडायला उभा आहे, असं त्यानं चर्चच्या दारात जाहीरही केलं.

आमच्याकडे मतपत्रिकेवर नंबर घालतात. आवडता पहिला, मग दुसरा, हवं तिथवर. जो सर्वांत मागे तो बाद, आणि त्याच्या पत्रिका त्यांवरच्या पुढच्या, अजून शर्यतीत असलेल्या नंबराला मिळतात. म्हणून प्रचारात तोंडावर ‘नाही’ कोणीच म्हणत नाही. ‘तुला काहीतरी देईन’ म्हणतात. मी मॅलाकीबरोबर प्रचाराला फिरे; प्रत्येक घरचा चहा पिऊन बाहेर आलं की तो मला विचारी, काहीतरी म्हणजे कितवं?

मोजणीत आमच्या भागातल्या जागांपैकी शेवटची एक उरली. डब्लिनहून आलेला ग्रेगरी पुढे, मॅलाकी थोडा मागे, आणि कोलमन बाद. आता कोलमनच्या पत्रिका वाटल्या जाणार होत्या. मॅलाकी घरी जायला कोट घालू लागला.

“रुआनची माणसं मला देणार? त्याची मेंढरं देतील एक वेळ.”

पण ढीग वाढला तो मॅलाकीचाच. तो निवडून आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, तर तो वरून कोलमन कुठं दिसतो का तेच बघत होता.

कोलमन मला बाहेर भेटला.

“आठ उमेदवार होते. टूहीला सातवा द्या, असं मीच सांगितलं होतं सगळ्यांना,” तो म्हणाला.

“आणि ग्रेगरीला आठवा?”

“त्याला काहीच नाही. आमच्या फाटकातून रस्ता काढायचं म्हणत होता लेकाचा.”

हे मी पबात मॅलाकीला सांगितलं.

“सातवा,” तो म्हणाला. “त्याला माझ्याकडून काय हवंय?”

अर्धा ग्लास तसाच ठेवून त्यानं मला गाडीत घातलं. जूनचा उजेड अजून होता. आम्ही थेट कुरणावर गेलो. फाटक नीट लावलेलं होतं, वर दोरीही बांधलेली.

मॅलाकीनं गाठ दोनदा ओढून पाहिली.

“बघ,” तो हळूच म्हणाला, “काहीतरी शिजतंय.”