धामणींचे दुधाळ डोळे

“पुन्हा? आत्ता तर टाकली होतीस! अंगावरचं कातडं काय भाड्यानं आणलंयस?”

साप पाळायच्या विटांच्या हौदापाशी उकिडवा बसून विन्ह एका धामणीवर खेकसत होता. झावळ्यांच्या कुडाअलीकडे त्याची बायको न्यान मासे साफ करत होती. तिचा सुरा खवल्यांवर थांबला.

“काय झालं?” तिनं विचारलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं.

“डोळे बघ हिचे. दुधासारखे. आजही कुणाला खायला घालू नकोस.”

“बरं.”

कात टाकायची वेळ आली की सापाचे डोळे दुधाळतात. तेवढे दिवस तो अन्नाला तोंड लावत नाही, आणि बळेच भरवलं तर ओकून टाकतो. हे विन्हला त्याच्या बापानं शिकवलं होतं आणि विन्हनं कालव्याकाठच्या निम्म्या घरांना. त्यात चूक काहीच नव्हती. फक्त टेटचा, नव्या वर्षाचा सण झाल्यापासून त्याला हौदातली प्रत्येक धामण दुधाळलेली दिसू लागली होती. आधी एकदोन, मग सगळ्याच. मग कालव्याचं पाणीही.

“यंदा धुकं फार,” तो म्हणायचा.

शेजारचा तोआन एरवी ऊन पडलंय म्हटलं तरी वाद घालणारा माणूस. पण तोही होडीतून ओरडायचा, “फारच, सहावेदादा! वल्ह्याचं टोक दिसत नाही मला!” भावंडांत सहावा म्हणून अख्खा काठ विन्हला सहावेदादा म्हणे. आणि एवढं बोलून तोआन लख्ख उन्हात, जलपर्णीच्या जांभळ्या फुलांमधून नेमकी वाट काढत निघून जायचा. भर दुपारी सगळी वस्ती विन्हसाठी धुकं सांभाळत होती. इतक्या जणांनी इतकं मनापासून सांभाळलं की कधीकधी न्यानलाही ते दिसे. पलीकडच्या काठावरची नारळीची झाडं पाण्यात विरघळायला लागत, बदकं कुठूनशी निघून कुठेशी जात, आणि तिला वाटे, असेलही. आपल्यालाच कळत नसेल.

विन्ह दोन खांबांना टांगलेल्या झोळीत घोरू लागला की न्यान आणि तिची सून सुओंग बेडकांची टोपली घेऊन हौदांकडे जात. गोणपाटाखालून धामणी माना उंचावत. त्यांचे डोळे काळेभोर, ओले, त्यात आभाळाचा एक-एक तुकडा. दोघी बायका चोरासारख्या जाळी उचलत आणि चोरासारख्याच खाली ठेवत.

“आई, जिल्ह्याच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढतात,” सुओंग कुजबुजे. “थोडा वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी माणूस घरी.”

“काढतात गं. पण आधी तो आहे म्हणून सांगावं लागतं.”

“मग सांगा ना.”

“तू सांग. तू लाडकी सून.”

“मी? माझ्या हातचं आंबट सार आत्ता कुठे त्यांच्या घशाखाली उतरायला लागलंय.”

दोघी तोंडाला पदर लावल्यासारखे हात लावून हसत. मग हसू संपे आणि बेडकांचा ओला वास तेवढा उरे.

न्यानला सासरे आठवत. ज्याला सापाचा डोळा दिसत नाही त्यानं हौदात हात घालायचा नाही, हा घराचा नियम त्यांचाच. त्यांची नजर अधू झाली तेव्हा विन्हनंच त्यांच्या हातातून साप उचलायची आकडी काढून घेतली होती, अगदी हळू, झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं घ्यावं तशी. म्हातारा भांडला नाही. बाजेवर जाऊन बसला तो बसलाच. दवाखान्यात जाऊया म्हटलं की म्हणे, कशासाठी? न्यान लग्न होऊन या घरी आली तेव्हा पहिल्यांदा धामण तिच्या हातात दिली होती ती विन्हनं, आणि म्हणाला होता, “घाबरू नकोस, तीच तुला घाबरलीय.” त्या माणसाला बाजेवर बसवायचे शब्द तिच्याजवळ नव्हते.

थोरली धामण अंड्यांवर आली. विन्हनं तिला दोन्ही हातांवर तोललं.

“उपाशी राहून ही एवढी जड कशी?”

“अंडी आहेत ना पोटात.”

त्यानं शेजारच्या हौदातला नर उचलला. बराच वेळ धरून ठेवला.

“याच्याही पोटात अंडी आहेत का?”

“त्याला हवा मानवली असेल,” न्यान म्हणाली.

नराला विन्हनं गोणपाटाखाली सोडलं आणि हात धुवायला कालव्यावर गेला. पायरी पायानं चाचपून उतरला. त्या दिवशी धुक्याबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. तोआनच आपणहून म्हणाला, “आज जरा कमी आहे नाही, दादा?”

अंडी झाली तेव्हा मात्र विन्हच्या बोटांना कुणाची मदत लागली नाही. एकमेकांना चिकटलेला तो पांढरा घोस त्यानं न उलटवता, न हलवता ओल्या वाळूच्या रांजणात ठेवला. एक बारकं अंडं अंगठ्यानं जोखून बाजूला काढलं. “हे रिकामं.” सुओंगनं मागे नेऊन फोडून पाहिलं. रिकामंच होतं. त्यानंतर तो रोज रांजणापाशी बसे, वाळूत तळवा टेकवून, एखाद्या तापकऱ्याच्या कपाळाला लावावा तसा.

पिल्लं निघाली ती ऐन दुपारी. विन्हनं हाक मारली तेव्हा न्यान आणि सुओंग धावल्या, आणि अंडी उबली का बघायला आलेला तोआनही. एका अंड्याच्या मऊ कवचावर चीर पडली होती. चिरेतून बोटाच्या पेराएवढं डोकं बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. पुढे जावं की न जावं, असा विचार करत असल्यासारखं. विन्हनं अंडं वाळूसकट ओंजळीत उचललं, उन्हात नेलं, अगदी नाकाशी धरलं.

“याचे डोळे दुधाळ आहेत,” तो म्हणाला.

“दमलं असेल,” न्यान म्हणाली. तिच्याजवळ उत्तरं नेहमी तयार असत.

“आत्ता जन्मतंय हे. शेपूट अजून अंड्यात आहे. जुनी कात यानं आणली कुठून?”

“दादा, धुकं...” तोआननं सुरुवात केली. सुओंगनं त्याच्या पायावर पाय दिला.

पिल्लानं डोकं आत ओढून घेतलं. विन्ह ओंजळ तशीच धरून बसला. कालव्यावरून एक होडी फटफटत गेली, तिच्या लाटा काठाला लागून विझल्या, मग रांजणाच्या सावलीत नुसती माश्यांची गुणगुण राहिली. चिरेतून डोकं पुन्हा वर आलं.

“न्यान, कसे आहेत गं याचे डोळे?”

ती त्याच्याजवळ खाली बसली. तिला खोटं सुचलं होतं, ओठांपर्यंत आलंही होतं.

“काळे,” ती म्हणाली. “मिऱ्यासारखे.”

“आणि मोठ्यांचे?”

“त्यांचेही काळेच. आम्ही त्यांना रोज खायला घालतो.”

विन्हनं मान हलवली. अंगठा पिल्लाच्या हनुवटीखाली तसाच होता, स्थिर.

“मग धुकं?”

न्याननं तोआनकडे पाहिलं. तोआन आपल्या पायांकडे बघत होता. तिनं नवऱ्याच्या ओंजळीखाली आपले दोन्ही हात धरले.

“धुकं नाहीये हो,” ती म्हणाली. “तुम्हाला दिसत नाही.”