शुक्रवारी मी गात नसे

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गायल्याशिवाय मला पोळी लाटता येत नाही, आणि कोणी ऐकतंय असं कळलं की मला गाता येत नाही. ह्या दोन्ही सवयी एकाच बाईला असल्या तर तिने संसार कुठे करावा? भिवंडीत. मी केला.

मुरबाडहून लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिना डोकं धरून बसले होते. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे लडकूशेठच्या यंत्रमाग कारखान्याची भिंत. पलीकडे चोवीस लूम, दोन शिफ्ट, नुसती खटखट. सासूबाईंना, म्हणजे माईंना, मीठ मागायचं तरी त्या हाताने खूण करायच्या. मग एक दिवस कणीक मळता मळता मी सहज भूप गुणगुणले, जरा मोठ्याने म्हटलं, मग चांगलं गळा मोकळा करून म्हटलं, आणि माई दोन हातांवर बसून शेंगा सोलत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. असा आनंद मला मंगळसूत्र घातलं तेव्हाही झाला नव्हता.

तेव्हापासून माझा दिवस गाण्यावर चालतो. पोळ्या भूपात, भांडी दुर्गात. धुणं आपटायला सरगम इतकी बरी पडते की गाद्यांच्या खोळीसुद्धा निघतात. कुकरच्या शिट्टीला षड्ज धरून पाहिलाय मी. लोक म्हणतात संगीत म्हणजे साधना, बैठक, तंबोरा. असेल. माझ्यासाठी ते फोडणीइतकं रोजचं आहे, आणि ते नसलं की स्वयंपाक अळणी होतो. शुक्रवारी लूमला सुट्टी असते, सगळी आळी शांत, म्हणून शुक्रवारी मी गप्प. त्या दिवशी माझ्या पोळ्या जाड व्हायच्या आणि का होतात ते घरात कोणाला कळायचं नाही. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, चिंतामणींना, गाण्याचं वावडं आहे अशी माझी पक्की समजूत होती. महापालिकेत कारकून, फाइल आणि वर्तमानपत्र एवढंच जग.

२००५ सालच्या जानेवारीत घोटाळा झाला. रविवार होता, सकाळचे अकरा. लोडशेडिंगची वेळ दुपारी दोनची, म्हणून मी बेफिकीर. तानेत अगदी वरच्या षड्जावर पोचले होते आणि लाइट गेली. चोवीसच्या चोवीस लूम एका झटक्यात थांबले. माझं तोंड काही थांबलं नाही. दोन आवर्तनं, पुरती दोन, साऱ्या आळीने माझा आवाज ऐकला.

मग मी ओट्याखाली बसले. भिंतीपलीकडून एका कारागिराने विचारलं, "भाभी, रुक क्यों गयीं?" दारात हे उभे. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर.

"तू गातेस?"

एकोणीस वर्षं झाली होती लग्नाला. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की स्वयंपाकघरात त्यांना दुसराच कोणी भाडेकरू सापडला आहे. मी काही बोलायच्या आत पुढच्या दारात लडकूशेठ हजर. मला वाटलं तक्रार घेऊन आले. तर म्हणतात, "वयनी, लाइट आमची गेली, तुमी कशाला थांबल्याव?"

आमच्या ह्यांना काहीही सुचलं की ते फॉर्म भरतात. मी नववीत असताना गाण्याची एक परीक्षा देऊन पुढची सोडली होती, हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं, आणि मंगळवारी संध्याकाळी परीक्षेच्या फीची पावती माझ्या हातात ठेवली. प्रवेशिका, एप्रिल, केंद्र कल्याण. मी इतकी चिडले की आमटीत दोनदा मीठ घातलं. आणि खरं सांगू, त्या रात्री झोपेत मला गुदगुल्या होत होत्या. माई म्हणाल्या, द्यायची तर दे, नापास होऊन माझं नाव घालवू नकोस.

तबला वाजवायला लडकूशेठनी राहनाळहून आपला पुतण्या पाठवला. भाविक. तिशीचा, गोदामात सुपरवायझर, गावच्या भजनात वाजवतो. तबला ऐकू यायला हवा म्हणून शुक्रवारची संध्याकाळ धरली. आणि पहिल्याच शुक्रवारी माझं पितळ उघडं पडलं. मी समेवर येतच नव्हते. कधी आधी, कधी नंतर. चारदा चुकल्यावर मी त्याच्यावर खेकसले की तू पळतोयस.

तो गरीब माणूस. तबल्यावर हात ठेवून म्हणाला, "काकी, मी न्हाय पलत. तुमी कोनाची तरी वाट बघताव."

बरोबर होतं त्याचं. मी लूमची वाट बघत होते. एकोणीस वर्षं माझी लय भिंतीपलीकडून येत होती, मी फक्त तिच्यावर पाय टाकून चालत होते. माझी स्वतःची अशी लय नव्हतीच. हे कळलं तेव्हा मला रडू यायला हवं होतं, पण मला उलट चेव आला. अकरा शुक्रवार उरले होते. मी सगळे वापरले. पायाने ताल देत पोळ्या लाटल्या, मात्रा मोजत जिने चढले. लय सापडायला लागली. आवाज मात्र शुक्रवारी बाहेर येईना. माई पलीकडे, शेजारी पलीकडे, हे पुढच्या खोलीत. भाविकला माझ्या तोंडाजवळ कान आणावा लागायचा.

परीक्षेला कल्याणच्या एका शाळेत गेलो. वर्गाबाहेर रांगेत सगळ्या फ्रॉकमधल्या पोरी, मध्ये मी, नऊवारीत नाही एवढंच. आत दोन परीक्षक आणि ओळखीचा नसलेला तबलजी. खोली इतकी शांत की पंख्याचा आवाज येत होता. मी सुरुवात केली आणि पहिलीच सम चुकली. वर परीक्षक म्हणाले, ऐकू येत नाही. माझ्याबद्दल ही तक्रार आयुष्यात कोणी केली नव्हती. ऐकू न येणं हाच तर माझा आणि लूमचा करार होता.

मी थांबले. म्हणाले, मी पहिल्यापासून म्हणते. ते म्हणाले, गुण कापले जातील. कापा, म्हटलं.

आणि मी गायले. आमच्या स्वयंपाकघरात गाते तशी, सगळा गळा लावून. माझा आवाज समोरच्या फळ्यापर्यंत गेला आणि परत माझ्याकडे आला. माझा आवाज असा आहे हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. मला हसू आवरेना, गाता गाता हसत होते मी. सम येताना मला दिसत होती, समोरून येणाऱ्या माणसासारखी. तबलजीही हसला. निकाल महिन्याने लागला, द्वितीय श्रेणी, पण मला त्याचं काय.

बाहेर व्हरांड्यात हे उभे होते. खिडकीशी उभं राहून सगळं ऐकलं होतं त्यांनी. आम्ही एसटी स्टँडवर आलो. गाडीत बसल्यावर म्हणाले,

"मला वाटायचं, तुला शांतता आवडते. शुक्रवारी तू इतकी गप्प असायचीस. म्हणून मी रेडिओ कधी लावला नाही. नाहीतर लग्नाआधी मी झोपताना गाणी ऐकायचो."

मला राग आला, ह्यांचा आला, माझा त्याहून जास्त आला. एकाच घरात दोन माणसं एकोणीस वर्षं आपापलं गाणं एकमेकांपासून दूर ठेवून राहिली होती. डोळे पुसायला पदर घेतला तर ते म्हणाले, मघाशी गायलीस त्यातलं पुढचं काय होतं गं, माझ्या नीट लक्षात राहिलं नाही.

गाडी भरलेली होती. मी गायला लागले. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघू लागल्या, कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. वाटेवरचं कोनगाव आलं, गेलं. हे खिडकीबाहेर बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि मी आवाज कमी केला नाही.