मॅडमचा घसा बसला तेव्हा

मौनाचं महत्त्व या विषयावर मॅडम सव्वा तास बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा आवाज बसला.

मॅडम म्हणजे योगाच्या मॅडम. चौदा वर्षं वर्ग घेऊन घेऊन त्यांना सगळेच मॅडम म्हणायला लागले होते. दूधवाला म्हणायचा, शेजारी म्हणायचे आणि नवरा रागावला की तोही म्हणायचा. यंदा त्यांनी मोठंच धाडस केलं होतं. दूरच्या एका समुद्रकिनाऱ्यावर, जिथे माणसं फळीवर उभी राहून लाटांवरून घसरत येतात, तिथे त्यांनी सहा दिवसांचं शिबिर भरवलं होतं. माहितीपत्रकात त्याला ‘वेलनेस रिट्रीट’ म्हटलं होतं आणि खाली छापलं होतं, ‘मॅडमच्या आवाजात, श्वासाकडून शांततेकडे’. आवाज हीच त्यांची पुंजी. कुणी म्हणायचं मधासारखा, कुणी म्हणायचं सायीसारखा. त्या नुसतं ‘डोळे मिटा’ म्हणाल्या तरी लोकांचे खांदे खाली यायचे.

माडांच्या मागे एक लांबट दुमजली घर त्यांनी घेतलं होतं. खाली आठ खोल्या, प्रत्येक खोलीच्या दाराशी पाय धुवायला बादली आणि तरीही अंथरुणात वाळू. वर तीन बाजूंनी उघडा, लाकडी जमिनीचा हॉल. तिथे पाठ टेकली की लाटांचा धडधडाट फळ्यांतून थेट मणक्यात शिरायचा. पाहुणे चौदा होते. पहिल्या संध्याकाळी मॅडमना एवढा हुरूप आला की प्रवासाचा शीण, दिवसभराचे फोन, सगळं विसरून त्या बोलत सुटल्या. शेवटी शेवटी आवाज फाटलेल्या पिपाणीसारखा यायला लागला, तरी थांबल्या नाहीत.

सकाळी सव्वासहाला त्यांनी तोंड उघडलं. हवा तेवढी बाहेर आली.

आली का पंचाईत! साडेसहाला वर्ग. चौदा माणसं वर सतरंज्या अंथरून बसलेली. मॅडम पळत स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्यांची नणंद भाजीच्या टोपल्या बघत उभी होती. ही नवऱ्याची थोरली बहीण. मॅडम तिला वन्सं म्हणायच्या, म्हणून पाहुणेही वन्संच म्हणायला लागले होते. वन्संनी एकतीस वर्षं बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. शिबिराच्या स्वयंपाकघरावर लक्ष ठेवायला त्या आल्या होत्या. योगाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं: “पडलेल्या माणसाला सांगायचं, पड. आणि याला म्हणे शिकवणं!”

मॅडमनी गळ्याकडे बोट दाखवलं, वरच्या मजल्याकडे दाखवलं आणि स्वतःची टिपणवही वन्संच्या हातात कोंबली.

“मी?” वन्सं म्हणाल्या. “वहिनी, शुद्धीवर आहेस ना? मला खाली वाकलं तर गुडघा दिसत नाही!”

मॅडमनी हात जोडले. वन्संनी वही उघडली, चष्मा चढवला, दोन पानं चाळली.

“फक्त वाचायचं ना? चल.”

वर जाऊन वन्सं माइकसमोर बसल्या, बोटाने दोनदा टकटक केलं आणि एकतीस वर्षांची सवय जागी झाली.

“कृपया लक्ष द्या. उजवा पाय पुढे येत आहे. डावा पाय आपल्या जागेवरच उभा आहे. डाव्या पायाच्या मंडळींनी घाई करू नये.”

कोपऱ्यात बसलेल्या मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. कुणीतरी फिस्सकन हसलं. पण वन्सं गंभीर होत्या, आणि त्यांचा आवाज घंटेसारखा खणखणीत आणि तितकाच स्थिर होता. हसणारे पाय आपोआप पुढे आले.

“श्वास आत आलेला आहे. थोडा वेळ थांबून तो बाहेर सुटेल. सुटलेल्या श्वासामागे कुणीही धावू नये.”

शेवटी सगळ्यांना उताणं झोपवून वन्सं म्हणाल्या, “आपले सर्व सामान इथेच सोडावे. कुणीही ते नेणार नाही. पुढची गाडी बऱ्याच वेळाने आहे.” पाच मिनिटांत हॉलमध्ये घोरण्याचे तीन वेगवेगळे सूर लागले. त्यातला सर्वांत खालचा सूर पाहुण्यांतल्या एका डेंटिस्टचा होता. हा गृहस्थ आठ महिने धड झोपला नव्हता, म्हणून तर शिबिराला आला होता. काल मॅडमच्या मधासारख्या आवाजातही तो टक्क डोळ्यांनी छताकडे बघत होता.

गावातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने आरसा घालून मॅडमचा घसा पाहिला.

“तीन दिवस एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण पडतो. काय करता तुम्ही?”

मॅडमनी कागदावर लिहिलं, ‘मौन शिकवते.’ डॉक्टर बिचारा सभ्य माणूस होता, हसला नाही.

तिसऱ्या दिवशी वन्संनी पुन्हा वर्ग घेतला. कालचे सगळे वेळेआधी हजर. पाठ ताठ ठेवून बसणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या मॅडमजवळ येऊन मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, “तुमच्या वन्संचं मला फार आवडतं. एक शब्द जास्तीचा नाही!” मॅडम गोड हसल्या. आतून मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. चौदा वर्षं श्वासाची उपासना आम्ही करायची आणि टाळ्या कुणाला, तर बसच्या वेळापत्रकाला! भांडावं म्हटलं तर आवाज नाही, रडावं म्हटलं तर लोक बघतायत. त्या तरातरा जिना उतरल्या आणि समुद्राकडे चालायला लागल्या.

किनाऱ्यावर फळीवाले काका आपल्या फळ्यांना मेण घासत बसले होते. वय साठीच्या पुढे, उन्हाने रापून खारकेसारखे झालेले. पाचव्या दिवशी पाहुण्यांना लाटांवर न्यायचं ते त्यांच्याकडेच ठरलं होतं. मॅडमनी त्या कार्यक्रमात स्वतःसाठी ‘किनाऱ्यावरून टाळ्या’ एवढंच काम ठेवलं होतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्या मागे फिरायच्या.

काकांनी वर पाहिलं. “घसा बसलेल्या बाई तुम्हीच?”

मॅडमनी मान हलवली.

“बरं झालं. शिकताना लोक फार बोलतात.” त्यांनी वाळूत बोटाने फळीचा आकार काढला. “यावर पालथं पडा.”

का कोण जाणे, मॅडम पडल्या. नकार द्यायचा तर तो कागदावर लिहावा लागला असता आणि कागद वरच राहिला होता. काकांनी वाळूतच सगळं करून घेतलं. छातीशी तळवे, एका झटक्यात उठायचं, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल. “नजर पायाकडे नाही. जिथे जायचंय तिथे.” हे वाक्य मॅडमनी स्वतः निदान हजारदा लोकांना ऐकवलं होतं. आपल्यालाही कुणी ऐकवेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मग घोट्याला दोरी बांधून ते त्यांना कमरेएवढ्या पाण्यात घेऊन गेले. ओरडायला आवाज नव्हता. मागून फेसाळ लाट आली, काकांनी फळी ढकलली आणि मॅडम उठायच्या आत उलट्यापालट्या होऊन पाण्याखाली गेल्या. नाकातोंडात खारट पाणी, केसांत वाळू, कुडत्याची ओढणी झालेली. वर आल्या तर पाणी गुडघ्यापर्यंतच होतं.

काकांनी फळी परत त्यांच्यापुढे धरली. “परत?”

मॅडमना वाटलं, आपण मान नकारार्थी हलवतोय. हलली होकारार्थी.

त्या सकाळी त्या अकरा वेळा पडल्या. संध्याकाळी परत गेल्या आणि मोजायचं सोडून दिलं. रात्री अंग असं ठणकलं की कुशीवर वळताना हाडं मोजता आली असती, पण जेवताना त्यांनी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा वन्संनी भुवया उंचावल्या.

चौथ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात तोंड धुताना मॅडम सहज ‘हं’ म्हणाल्या, आणि तो ‘हं’ भिंतीवर आदळून स्वच्छ परत आला. आवाज आला होता! अगदी सायीसकट. त्यांनी आनंदाने एक ओळ गुणगुणून पाहिली आणि मधेच थांबल्या. आवाज आला म्हणजे साडेसहाचा वर्ग आला. वर्ग आला म्हणजे सकाळचा समुद्र गेला. मॅडमनी आरशात स्वतःकडे बघितलं, टॉवेलने तोंड पुसलं आणि बाहेर येऊन वन्संना गळ्याकडे बोट करून दाखवलं: अजून नाही.

“असू दे, असू दे,” वन्सं घाईघाईने म्हणाल्या. “घशाशी खेळ बरा नव्हे. मी आहे ना!” आणि त्या जिना चढूनसुद्धा गेल्या.

चोराच्या मनात चांदणं. दिवसभर मॅडम कुणाशी नजर मिळवेनात. डेंटिस्टने आपुलकीने गुळण्यांसाठी मीठपाणी आणून दिलं, तर त्यांनी अपराध्यासारख्या दोन पेले गुळण्या केल्या.

पाचव्या दिवशी अख्खं शिबिर किनाऱ्यावर आलं. वन्सं छत्री उघडून कोरड्या वाळूत खुर्ची टाकून बसल्या. पाहुणे पाण्यात गडबडगुंडा करत होते. मुख्याध्यापिका पहिल्याच लाटेला पोटावर पडून थेट काठापर्यंत आल्या आणि कपडे झटकत म्हणाल्या, “ठीक आहे.” डेंटिस्टची फळी त्याच्याशिवायच दोनदा किनाऱ्याला लागली.

मॅडम जरा लांब होत्या. एक लाट आली, फार मोठी नाही, पण भरीव. काकांनी या वेळी ढकललं नाही. मॅडमनी हातांनी पाणी मारलं, फळी उचलली गेल्याचं पोटाला कळलं, तळवे टेकले आणि त्या उठल्या. गुडघे सैल, नजर समोर. समोर किनारा होता, माड होते आणि छत्रीखाली वन्सं. सगळं त्यांच्याकडे धावत येत होतं.

“वन्सं! वन्सं, बघा! अहो, मी उभी आहे!”

हे वाक्य समुद्राच्या आवाजावरून सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेलं. चौदा माणसांनी माना वळवल्या. आपण बोललो हे मॅडमच्या लक्षात आलं, तेवढ्यात फळी वाळूला लागली आणि त्या वन्संच्या पायांपुढे बसकण मारून पडल्या.

“वहिनी,” वन्सं छत्री मिटत म्हणाल्या, “आवाज कधी आला?”

“काल सकाळी,” मॅडम वाळूकडे बघत म्हणाल्या. “चुकलंच माझं, वन्सं. तुम्हाला राबवलं आणि मी इथे...”

“मला ठाऊक होतं.”

“काय?”

“न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे माझीच खोली आहे. गुणगुणलीस तेव्हाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

वन्संनी छत्रीच्या टोकाने वाळूत रेघ ओढली.

“मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी स्थानकावर गाड्या पुकारणारं मशीन बसवलं. माझाच आवाज भरून घेतला असता तर निदान... पण तेही नाही, भलत्याच कुणाचा. दोन वर्षं घरात बोलतेय मी, चहा झाला, बेल वाजली. ऐकायला कोण थांबतंय? आणि त्या सकाळी चौदा माणसं माझ्या शब्दासरशी पाय हलवायला लागली. तुझा आवाज आणखी चार दिवस बसला असता तरी मला चाललं असतं, वहिनी. खोटं कशाला बोलू?”

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या नाकातून समुद्राचं पाणी आलं, ते बघून वन्सं हसायला लागल्या, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवून अशा हसल्या की काका फळी घेऊन येता येता वाटेतच थांबले.

“माझ्या मनात मात्र तुमच्याबद्दल वाईट आलं होतं,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “बसचं वेळापत्रक म्हटलं मी तुम्हाला. मनात.”

“मी तुला चौदा वर्षं तोंडावर म्हणतेय पडलेल्यांची बाई. फिटंफाट.”

सहाव्या दिवशीचा वर्ग मॅडमनी घेतला. सुरेख घेतला. कमी बोलल्या, कारण आदल्या दिवशीच्या ओरडण्याने घसा पुन्हा थोडा धरला होता. शवासनाची वेळ आली तेव्हा डेंटिस्टने संकोचून हात वर केला.

“मॅडम, राग मानू नका. पण शेवटचं तेवढं वन्संनी...”

मॅडमनी माइक वन्संपुढे सरकवला आणि मागच्या रांगेत रिकामी सतरंजी शोधून स्वतः उताण्या झाल्या. चौदा वर्षांत इतरांच्या वर्गात त्या कधी पडल्या नव्हत्या. टकटक झाली. “कृपया लक्ष द्या,” वन्सं म्हणाल्या, “आता लक्ष द्यायची गरज नाही.” पुढचं मॅडमना ऐकू आलं नाही.

जाग आली तेव्हा हॉलमध्ये ऊन आलं होतं आणि अंगावर कुणीतरी चादर घातली होती. खाली सामान गाडीत चढत होतं. सगळ्यांचं नाश्तापाणी उरकलेलं, मुख्याध्यापिका खोल्यांना कुलपं लावून किल्ल्या मोजत होत्या आणि वन्सं काकांशी बोलत पायऱ्यांवर बसल्या होत्या.

“उठवलं का नाही मला?” मॅडम केस बांधत धावत खाली आल्या.

“कशाला? सगळं होतंय की,” वन्सं म्हणाल्या. “बस. यांना मी पुढच्या वर्षीच्या तारखा विचारत होते. ते म्हणतायत लाटा मार्चमध्ये बऱ्या असतात. पण एक सांगते, वहिनी, मी भाज्या बघायला येणार नाही. त्याला दुसरं कुणीतरी बघ.”

“आणि सकाळचा वर्ग?”

“सकाळचा माझा. तू पाण्यात जा.”

“आणि संध्याकाळचा?”

वन्संनी बोट उगारलं. “संध्याकाळी तू बोल. पण अर्ध्या तासाच्या वर नाही.”

काकांनी मान हलवली, जणू हे त्यांच्याच समोर ठरायला हवं होतं, आणि मॅडमची फळी बाजूला काढून तिच्यावर खडूने खूण करायला लागले.