पैलवानांची करवत आणि बिनवाऱ्याची घळ

दचकू नका, मी पैलवानांची पेट्रोलवर चालणारी करवत. सुरू झाले की माझ्यापुढे कुणाचंच काही ऐकू येत नाही, म्हणून आज बंद आहे तोवर बोलून घेते.

दुकानात पैलवानांनी मला एका हाताने उचललं आणि बायकोला म्हणाले, "ही घरी न्यायची." लावलेल्या जंगलातली दाटी विरळ करायचं काम दोघं जोडीनं करत. ते मला चालवत, ती फांद्या ओढून ढीग रचत असे.

मी खोडात शिरले की माझा धूर वाकलेल्या पैलवानांच्या थेट नाकातोंडात जायचा. संध्याकाळी त्यांचं डोकं ठणकायचं. कधी त्यांनी चहाला दोष दिला, कधी उशीला. शेवटी चष्मा करून घेतला. त्याने डोकेदुखी जास्त स्पष्ट दिसू लागली, एवढंच.

"सुट्टीच्या दिवशी बरं दुखत नाही तुमचं डोकं?" बायको म्हणाली.

"सुट्टीला मी झोपतो ना."

तिला काही ते पटलं नाही.

मग एकदा आम्ही एका खोल घळीत उतरलो. झाडी दाट, वारा नावाला नाही. धूर जागच्या जागी घुटमळत राहिला. पैलवानांच्या हातातून मी निसटले. ते मटकन खाली बसले, बोलायला गेले तर शब्दच फुटेना. बायकोने धावत येऊन आधी मला बंद केलं. मग त्यांच्या काखेत हात घालून तो एवढा देह ओढत ओढत चढावर, मोकळ्या हवेत आणला.

"धूर बाधलाय," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातल्या विषारी वायूला वास नसतो."

"पण मला तर वास येतो," पैलवान म्हणाले.

"तो पेट्रोलचा."



आता घरात बायकोचा कायदा चालतो. वारा नसेल तिथे मला न्यायचं नाही. धूर तोंडावर येत असेल तर जागा बदलायची. मधेमधे लांब जाऊन बसायचं. घळीसाठी बॅटरीवर चालणारी एक धाकटी आली आहे. मी तिला जाऊबाई म्हणते. नाजूक आहे, पण कामसू. मोकळ्यावरची जाड खोडं अजून माझ्याच वाट्याला येतात.

तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिच्यावर माया करा, तिच्या धुरावर नको.

हल्ली पैलवान संध्याकाळी मोठमोठ्याने गातात. सूर एकही जागेवर नसतो.

"डोकं दुखायचं तेव्हा निदान गप्प तरी असायचात," बायको म्हणते आणि तिथेच बसून ऐकते.